ओसरीवरची माणसं



महिन्याभरापूर्वी कार्यवाहांचा फोन आला, निमंत्रणपत्रिकेवर विषय काय छापू म्हणून. मी म्हणालो, "पोस्टडॉक." पलीकडे क्षणभर शांतता. मग ते म्हणाले, "म्हणजे पोस्टातल्या नोकऱ्या? चालेल की, मुलं येतील." मी काही हसलो नाही, कारण १९८६ साली माझ्या आईचाही हाच समज झाला होता. मुलगा डॉक्टर झाला आणि जर्मनीत पोस्टात लागला, असं तिने अख्ख्या आळीला सांगितलं होतं. सुट्टीत घरी आलो तेव्हा शेजारच्या काकूंनी नातवासाठी परदेशी तिकिटं मागितली.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत त्या सरांना मात्र हा शब्द ठाऊक होता. त्यांनी स्वतः पीएचडी केली नव्हती. एम.एस्सी. होऊन याच गावच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायला लागले आणि इथूनच निवृत्त झाले. पण दर आठवड्याला ते 'एम्प्लॉयमेंट न्यूज' विकत घ्यायचे. जाहिरातींना लाल पेन्सिलीने चौकटी करायचे, त्या कापून खळीने पुठ्ठ्यावर चिकटवायचे आणि पुठ्ठा प्रयोगशाळेच्या दाराला टांगायचे. माझ्यासाठी काढून ठेवलेल्या एका कात्रणाच्या कडेला त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'शेवटची ओळ आधी वाच.' ते कात्रण माझ्याकडे अजून आहे. वरच्या बारा ओळींत उमेदवाराकडे काय काय हवं त्याची यादी होती. शेवटच्या ओळीत होतं की ही जागा निव्वळ तात्पुरती असून प्रकल्पाबरोबरच संपेल. आज मी बोलणार आहे तो त्या शेवटच्या ओळीबद्दल आणि त्या ओळीवर आयुष्यातली तीन, पाच, कधी दहा वर्षं काढणाऱ्या माणसांबद्दल.

या माणसांना मराठीत नाव नाही. 'पदव्युत्तर' हा शब्द एम.ए., एम.एस्सी. वाल्यांनी आधीच घेऊन टाकला. पीएचडीच्या प्रमाणपत्रावर 'विद्यावाचस्पती' असतं, त्याला पुढे 'उत्तर' जोडलं तर उच्चारतानाच दम लागतो. प्रयोगशाळेत 'पोस्टडॉक' म्हणतात, सरकारी कागदावर 'रिसर्च असोसिएट' म्हणजे 'आरए', आणि माझ्या पिढीत 'पूल ऑफिसर' असाही एक प्रकार होता, त्याकडे येतोच. घरात मात्र एकच उत्तर दिलं जातं: "अजून शिकतोय." मुलगी बत्तीस वर्षांची, नावामागे डॉक्टर, पाच शोधनिबंध छापून आलेले, आणि स्थळ सांगून आलं की आई म्हणते, "शिकतेय अजून." त्यात खोटं काही नाही, पण ते पुरतं खरंही नाही.

मला या माणसांसाठी आपल्या जुन्या घरातली ओसरी आठवते. आमच्या वाड्यात ओसरीवर काय होत नसे? दप्तर तिथे, हिशेब तिथे, पंतोजी मुलांना घेऊन बसत ते तिथे, गावचा तंटा सुटे तो तिथेच. ओसरीवरच्या माणसाला पाणी मिळे, मान मिळे, सणाला जेवणही मिळे. पण माजघरात त्याला कुणी बोलावत नसे आणि किल्ल्या तर नाहीच. विद्यापीठाचं बरंचसं संशोधन असंच ओसरीवर चालतं. माजघरात प्राध्यापक असतात. ते समित्यांवर बसतात, निधीचे अर्ज लिहितात, शिकवतात. रात्री अकराला यंत्रापाशी असतो तो पोस्टडॉक. पीएचडीचा विद्यार्थी अजून शिकत असतो, प्राध्यापकाला वेळ नसतो. हात बसलेला आणि वेळ मोकळा, हे दोन्ही ज्याच्यापाशी असतं असा विद्यापीठात हाच एक माणूस.

याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. १४ सप्टेंबर २०१५. जर्मनीतलं हॅनोव्हर. तिथे माक्स प्लांक संस्था आणि हॅनोव्हरचं विद्यापीठ मिळून गुरुत्वीय लहरींवर काम करतात. दुपारी बाराला दहा मिनिटं कमी असताना मार्को ड्रागो नावाच्या इटालियन पोस्टडॉकच्या संगणकावर एक ईमेल आली. ती माणसाने पाठवलेली नव्हती. अमेरिकेतल्या लायगोच्या दोन वेधशाळांतून येणारी माहिती चाळणाऱ्या आज्ञावलीने आपणहून धाडली होती. ड्रागोने आलेख उघडला. तो इतका सुबक होता की त्याला संशयच आला. पथकातली मंडळी चाचणीसाठी अधूनमधून खोटा संकेत मिसळून देत, तसलंच काही असणार. तो शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याकडे गेला. दोघांनी नोंदी तपासल्या, खोटा संकेत घातल्याची खूण कुठेच नव्हती. अमेरिकेत तेव्हा पहाट उलटत होती. त्यांनी वेधशाळांना फोन लावले. लुइझियानातल्या लिव्हिंग्स्टनहून कुणीतरी उचलला आणि इथे सगळं नेहमीसारखं आहे म्हणून सांगितलं. मग ड्रागोने साऱ्या सहकाऱ्यांना पत्र लिहिलं: हे काय आहे, कुणाला ठाऊक आहे का?

एक अब्जाहून अधिक वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली, त्याची ती चाहूल होती. आइन्स्टाइनच्या सिद्धांतातून निघालेलं भाकीत शंभर वर्षांनी हाती आलं, आणि ते पहिल्यांदा ज्याच्या डोळ्यांना दिसलं त्याची नोकरी मुदतीची होती.

या गोष्टीला एक मराठी धागा आहे आणि तो मी ओढूनताणून आणलेला नाही. तो पहिला इशारा लहरीचा नमुना आधी न ठरवता शोधणाऱ्या आज्ञावलीने दिला. पण पुढे संकेताची खात्री पटवताना जी पद्धत वापरली तिच्यात अपेक्षित लहरींचे साचे तयार करून एकेक साचा माहितीवर ताडून पाहतात. असे साचे कसे निवडायचे, किती लागतील, यावर पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत संजीव धुरंधर आणि सत्यप्रकाश काम करत होते. त्यांचा निबंध १९९१ साली छापला गेला. तेव्हा लायगोची एक वीटही रचलेली नव्हती. आज हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगोची भारतीय वेधशाळा व्हायची आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिथे रात्रपाळीला कोण बसणार? बांधकाम मंजूर झाल्याचं सगळ्यांनी वाचलं, हा प्रश्न मात्र मला कुठल्या बातमीत दिसला नाही.

ओसरी बांधली कुणी, हे थोडक्यात सांगतो. पहिलं महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत १९१९ साली रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशांतून नॅशनल रिसर्च कौन्सिलने ताज्या पीएचडीधारकांना भौतिकी आणि रसायनशास्त्रातल्या संशोधनासाठी शिष्यवृत्त्या सुरू केल्या. हेतू साधा होता. मुलगा पीएचडी होतो, लगेच शिकवायला लागतो आणि आठवड्याच्या तासांत त्याचं संशोधन विरून जातं. त्याला दोन वर्षं मोकळी द्या. लॉरेन्स, ओपेनहायमर, पॉलिंग हे सगळे या शिष्यवृत्तीवर होते. म्हणजे ही सोय मुळात माणसाला प्रश्न निवडायला सवड मिळावी म्हणून केलेली. पुढे तिची नोकरी झाली, मग स्वस्त मनुष्यबळ झालं, तो भाग निराळा.

आणि १९५३ साली डीएनएची रचना उलगडली तेव्हा त्या गोष्टीत कोण होतं पाहा. वॉटसन कोपनहेगनसाठी मिळालेल्या शिष्यवृत्तीवर परस्पर केंब्रिजला गेलेला, ते शिष्यवृत्ती देणाऱ्या मंडळाला रुचलेलं नव्हतं. क्रिक छत्तिशीचा, अजून पीएचडी व्हायचा. रोझलिंड फ्रँकलिन किंग्ज कॉलेजात तीन वर्षांच्या फेलोशिपवर. तिघांपैकी कुणाचीही जागा पक्की नव्हती.

पण मला जास्त बोलायचं आहे ते हरगोविंद खुरानांबद्दल. नोबेल मिळालं की आपण माणसाला 'भारतीय वंशाचा' म्हणून जवळ घेतो. त्याआधीचं पान उलटून पाहत नाही.

खुराना भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर १९४५ साली लाहोरहून लिव्हरपूलला गेले आणि १९४८ ला पीएचडी झाले. मग झुरिकला प्रेलॉग यांच्या प्रयोगशाळेत जवळजवळ वर्षभर पोस्टडॉक. पगार नव्हता, गाठीला असलेल्या पैशांवर दिवस काढले. तिथे जर्मन नियतकालिकं चाळताना त्यांना कार्बोडायइमाइड नावाच्या संयुगांवरचा एक आडबाजूचा निबंध सापडला. त्याचा तेव्हा काही उपयोग नव्हता. पैसे संपले तसे ते १९४९ साली भारतात आले. सरकारच्या पैशांवर शिकल्यामुळे परत येणं भागच होतं. फाळणी होऊन गेलेली, घरचे लोक दिल्लीत विस्थापित. खुराना नोकरी शोधत राहिले आणि मिळाली नाही. शेवटी सरकारनेच त्यांना मोकळं केलं, आणि ते टॉड यांच्याकडे केंब्रिजला फेलोशिपवर गेले. तिथून १९५२ ला व्हँकुव्हर, मग विस्कॉन्सिन. व्हँकुव्हरला न्यूक्लिओटाइडचे तुकडे एकमेकांना जोडायला त्यांनी जी युक्ती वापरली ती झुरिकला बिनपगारी वर्षात वाचलेल्या त्याच कार्बोडायइमाइडची. १९६८ ला नोबेल मिळालं.

या कहाणीत दोन गोष्टी आहेत. बिनपगारी वर्ष हे काही गौरवाचं नाही. उपाशी पोटी विज्ञान चांगलं होतं असं मानणाऱ्यांनी स्वतः एकदा उपाशी राहून पाहावं. पण त्या वर्षी त्यांना ग्रंथालयात उगाच वाचत बसायला वेळ होता, आणि पुढची वीस वर्षं त्या वाचनावर उभी राहिली. दुसरी गोष्ट आपल्या बाजूची. माणूस परत आला, दारात उभा राहिला आणि त्याला बसवायला आपल्याकडे ओसरीसुद्धा नव्हती.

ती नंतर बांधली. १९५८ साली सरकारने 'सायंटिस्ट्स पूल' सुरू केला आणि तो सीएसआयआरकडे सोपवला. परदेशातून परतलेल्यांना पक्की जागा मिळेपर्यंत एखाद्या विद्यापीठात किंवा प्रयोगशाळेत ठेवायचं, पगार पूलमधून द्यायचा. मी स्वतः १९८९ मध्ये असा पूल ऑफिसर झालो. 'ऑफिसर' ऐकून आईला फार बरं वाटलं. ज्या विद्यापीठात मला पाठवलं त्याचं नाव घेत नाही. पहिल्या दिवशी विभागात गेलो तर टेबल नव्हतं. व्हरांड्यात जुन्या रसायनांचं कपाट होतं, त्याच्या आडोशाला एक बाक टाकून दिला. ओळखपत्र काढायला गेलो. कारकुनाने विचारलं, "विद्यार्थी की कर्मचारी?" मी सांगू लागलो. त्याने हात वर करून मला थांबवलं आणि रकान्यात लिहिलं, 'इतर'. त्या 'इतर'वर ग्रंथालयातून दोनच पुस्तकं मिळत. वसतिगृह विद्यार्थ्यांसाठी, क्वार्टर कर्मचाऱ्यांसाठी. मी तालमीजवळच्या एका खोलीत भाड्याने राहिलो. माझं सगळ्यात बरं काम त्या बाकावर झालं, हेही खरं आहे, आणि त्याचं श्रेय बाकाला देऊ नये.

आता संधींविषयी. इथे मुलं बसली आहेत, त्यांना आकडे हवे असतात आणि ते रास्त आहे.

आपल्या देशात तुम्ही दोन दारांनी आत जाता. एक, प्राध्यापकाच्या प्रकल्पातून. केंद्राच्या २०२३ च्या दरांनुसार आरएला अनुभवाप्रमाणे दरमहा ५८,०००, ६१,००० किंवा ६७,००० रुपये आणि वर घरभाडं. सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० आहे. म्हणजे कागदावर आरए तीनशे रुपयांनी पुढे! पण त्या ५७,७०० वर महागाई भत्ता चढतो, वेतनवाढ मिळते आणि ते साठीपर्यंत चालतं. आरएचा आकडा जिथे ठेवला तिथे राहतो. प्रकल्प संपला की तोही संपतो.

दुसरं दार तुमच्या स्वतःच्या फेलोशिपचं. राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप दोन वर्षांची असते. वयाची अट ३५, स्त्रियांना आणि राखीव प्रवर्गांना पाच वर्षांची सवलत. वेतनाशिवाय संशोधनखर्चासाठी वर्षाला २ लाखांची तरतूद ठेवलेली. ही योजना 'सर्ब' या केंद्राच्या संशोधन मंडळाची होती, आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन म्हणजे एएनआरएफ ती चालवतं. यूजीसीची डॉ. राधाकृष्णन यांच्या नावाची फेलोशिप आहे, आयआयटी, आयसर, आयुका यांच्या आपापल्या आहेत. टीआयएफआरमध्ये पोस्टडॉकला 'व्हिजिटिंग फेलो' म्हणतात, त्यामुळे तिथला मुलगा आपण पाहुणे आहोत असं सांगतो तेव्हा तो विनोद करत नसतो.

दोन दारांतला फरक पगाराचा नाही. प्रकल्पात प्रश्न प्राध्यापकाचा असतो, फेलोशिपमध्ये तो तुम्ही लिहून दिलेला असतो. शक्य असेल तर दुसऱ्या दाराने जा, असं मी प्रत्येकाला सांगतो. तिथे पैसे उशिरा येतात. सहा-सहा महिने हप्ता न आलेली मुलं मी पाहिली आहेत, घरभाड्यासाठी मित्रांकडून उसने घेणारी. त्यामुळे जाण्याआधी किमान चार महिन्यांची शिल्लक गाठीला असू द्या. हा सल्ला विज्ञानातला नाही, पण माझ्या सगळ्या सल्ल्यांत तोच सर्वांत उपयोगी पडलेला आहे.

अर्ज कसा करायचा? आमची एक विद्यार्थिनी, बार्शीकडची, परदेशातल्या एका प्रयोगशाळेला लिहिणार होती. पहिला मसुदा मला दाखवला. 'आदरणीय महोदय, मी अत्यंत मेहनती आणि प्रामाणिक संशोधक असून आपल्या जगप्रसिद्ध गटात काम करण्याची माझी लहानपणापासूनची इच्छा आहे.' मी म्हटलं, "लहानपणी तुला यांचं नाव माहीत होतं?" ती हसली. मग आम्ही त्या प्रयोगशाळेच्या प्राध्यापकांचा अलीकडचा निबंध काढला. त्यातल्या तिसऱ्या आकृतीत एक वक्र उजव्या टोकाला किंचित खाली वळत होता आणि निबंधात त्याविषयी चकार शब्द नव्हता. तिच्या स्वतःच्या मोजमापातही तसंच वळण यायचं. तिने चार वाक्यांचं पत्र लिहिलं: तुमच्या तिसऱ्या आकृतीतलं टोक खाली वळतं, माझंही वळतं, माझ्या मते त्याचं कारण अमुक आहे, हे तपासायला तुमचं उपकरण लागेल. सोबत आलेख. दोन दिवसांत उत्तर आलं. नोकरीचं नव्हतं, 'तुमचं कारण चूक आहे' असं होतं. त्यावर ती महिनाभर भांडली. नोकरी त्यानंतर आली.

परदेशाबद्दल घाईने सांगतो, कारण नियम बदलतात आणि मुलं माझ्याआधी वाचतात. युरोपची मारी क्युरी फेलोशिप पीएचडीनंतर आठ वर्षांपर्यंत मागता येते, फक्त ज्या देशात जायचं तिथे गेल्या तीन वर्षांत बारा महिन्यांहून जास्त राहिलेले नसायला हवं. जर्मनीच्या हुंबोल्ट प्रतिष्ठानात देशाचा किंवा विषयाचा कोटा नसतो. अमेरिकेला बहुतेक पोस्टडॉक जे-वन व्हिसावर जातात. काहींच्या व्हिसावर 'दोन वर्षं मायदेशी परत' ही अट छापलेली असते. तिकीट काढण्याआधी ती बघा, नंतर रडून उपयोग होत नाही. आणि साहित्य-इतिहासवाल्यांनी हे सगळं विज्ञानवाल्यांचं म्हणून उठून जाऊ नये. सिमल्याच्या उच्च अध्ययन संस्थेत त्यांना फेलोशिप मिळते, आयसीएसएसआरकडे सामाजिक शास्त्रांसाठी पोस्टडॉक आहे. हायडेलबर्गला तर ग्युंटर सोंथायमर यांनी खंडोबा आणि धनगरांवर आयुष्य घातलं. मोडी वाचता येणारा पीएचडी झालेला मुलगा जगात किती ठिकाणी हवा असतो, याची त्या मुलालाच कल्पना नसते.

तिकडची ओसरीही काही सोन्याची नाही. जपानने १९९६ साली दहा हजार पोस्टडॉक तयार करायची योजना आखली. दहा हजार झाले. त्यांच्यासाठी पुढे कायमच्या जागा निर्माण करायचं राहून गेलं, आणि चाळिशीला आलेले डॉक्टर एकेका वर्षाच्या करारावर फिरत राहिले. जर्मनीत २००७ च्या कायद्याने मुदतीच्या नोकरीला पीएचडीआधी सहा आणि नंतर सहा वर्षांची मर्यादा आहे, वैद्यकशास्त्रात थोडी जास्त. त्याचं समर्थन करायला तिथल्या मंत्रालयाने हाना नावाच्या काल्पनिक संशोधिकेची चित्रफीत काढली. एकाच पिढीने साऱ्या जागा तुंबवून ठेवू नयेत, असा तिचा सूर. २०२१ मध्ये हजारो तरुण संशोधकांनी 'मीच ती हाना' म्हणून आपापल्या कहाण्या लिहिल्या. माणसाला गटारातल्या गाळाचा शब्द लावला की माणूस चिडतोच. २०२२ च्या हिवाळ्यात कॅलिफोर्निया विद्यापीठातले ४८,००० संशोधक आणि अध्यापन सहायक संपावर गेले, त्यात पोस्टडॉक होते, आणि त्यांनी पगारवाढ मिळवली. ओसरीवरची माणसं एकत्र उठून अंगणात आली.

आणि आता परतीची वाट, म्हणजे आपल्या घरचं दुखणं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत विद्यापीठात सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीला कुणाला बोलवायचं त्याचा शंभर गुणांचा तक्ता आहे. पीएचडीला ३०. शोधनिबंधांना प्रत्येकी २, जास्तीत जास्त १०. अध्यापन किंवा पोस्टडॉकच्या अनुभवाला वर्षाला २, तेही जास्तीत जास्त १०. आणि पदवीला ऐंशी टक्क्यांच्या वर गुण असतील तर १५. म्हणजे विसाव्या वर्षी बी.एस्सी.ला तुमचं किती पाठ होतं त्याला पंधरा आणि नंतर पाच वर्षं जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत घासलीत त्याला दहा. हा तक्ता फक्त मुलाखतीपर्यंत नेतो, निवड मुलाखतीवर होते, हे मला माहीत आहे. मी अशा मुलाखतींना टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलो आहे. जर्मनीहून आल्यावरच्या माझ्या पहिल्या मुलाखतीत समितीने तीन प्रश्न विचारले: बी.एस्सी.ला किती टक्के, मूळ गाव कुठलं, आणि तिकडे मराठी जेवण मिळतं का.

राज्याच्या विद्यापीठांत जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात आणि विभाग सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर चालतात. परतलेला पोस्टडॉक सकाळी एका कॉलेजात दोन तास, दुपारी दुसऱ्या कॉलेजात दोन तास शिकवतो. सवड देऊन ज्याचं संशोधन वाचवायचं म्हणून १९१९ साली ही सोय निघाली, त्याचं संशोधन आपण तासिकांत घालवतो. आणि ज्या विभागात पोस्टडॉक नसतात तिथे पीएचडीच्या मुलांना रात्री अकरा वाजता विचारायला कुणी नसतं. प्राध्यापकाला विचारायला मूल घाबरतं. आपल्याहून पाचच वर्षांनी मोठ्या माणसाला घाबरत नाही. प्रयोग कुठे फसला हे त्याच्याकडून कळतं, कारण त्याचाही तिथेच फसलेला असतो.

पोस्टडॉकला जागा देता येत नाही असं नाही. पुणे विद्यापीठाच्या आवारात १९८८ साली आयुका उभी राहिली. जयंत नारळीकर पीएचडीनंतर नऊ वर्षं केंब्रिजला होते. तरुण माणसाला तिथे काय मिळतं ते त्यांनी स्वतः घेतलेलं होतं. चार्ल्स कोरियांनी आखलेल्या त्या वास्तूत बाहेरच्या विद्यापीठांतून येणाऱ्यांना राहायला जागा आहे, पोस्टडॉकला बसायला खोली आहे, चहाच्या वेळी नोबेलविजेता आला तरी त्याच्या शेजारची खुर्ची कुणासाठी राखून ठेवलेली नसते. पलीकडच्या बाजूला त्याच आवारात विद्यापीठाचे जुने विभाग आहेत. मधे चालत दहा मिनिटांचं अंतर. ही दहा मिनिटं इतकी लांब का, हे मी पुष्कळदा चालून पाहिलं आहे.

बायकांचा मुद्दा राहिला तर सरांना आवडणार नाही. पोस्टडॉकची वर्षं म्हणजे अठ्ठावीस ते पस्तीस. लग्न, मूल, सासूचं आजारपण, सगळं याच वर्षांत. भौतिकीवाले नवरा-बायकोला दोन वेगळ्या शहरांत नोकरी मिळण्याला 'टू-बॉडी प्रॉब्लेम' म्हणतात. विनोद बरा आहे, पण आपली बॅग उचलणारी बॉडी बहुतेक वेळा बायकोच असते. वयात पाच वर्षांची सवलत दिली हे चांगलं. पाळणाघर दिलं असतं तर सवलतीची एवढी गरज पडली नसती.

बार्शीकडच्या त्या मुलीबद्दल सांगून थांबतो. परदेशातली तीन वर्षं संपवून ती गेल्या महिन्यात परत आली, एका राज्य विद्यापीठात स्वतःची फेलोशिप घेऊन. तिने नेमणुकीचं पत्र मला पाठवलं. मी शेवटची ओळ आधी वाचली. दोन वर्षं, मुदतवाढ निधीच्या उपलब्धतेनुसार. वक्राचं ते खाली वळणारं टोक ती आता इथे मोजणार आहे. उपकरण इथलं आहे, जुनं, त्याचा पंप तिने पहिल्याच आठवड्यात उघडला. रविवारी फोन आला. "सर, राहायच्या जागेचा फॉर्म भरतेय. दोनच चौकोन आहेत, विद्यार्थी आणि कर्मचारी. कुठे खूण करू?" मी म्हटलं, पेनने तिसरा चौकोन काढ आणि त्यात कर.

तिने काढला. फॉर्म परत आला आहे.